चूल, दिवा आणि भिंत

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग पाडले आहेत. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून गेली आहे. रांगेच्या वरच्या अंगाला बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हे तालुके आहेत. त्यांना लोक 'घाटावरचे तालुके' म्हणतात. रांगेच्या खाली पूर्णा नदीच्या काळ्या, सपाट खोऱ्यात मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके पसरले आहेत. ते 'घाटाखालचे'. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने तेथील उन्हाळा त्या मानाने सौम्य असतो. उलट घाटाखाली वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्याही वर चढतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

घाटावरचे घर आणि घाटाखालचे घर यांत असा फरक असला, तरी दोन्ही घरांच्या गरजा मात्र सारख्याच आहेत. अन्न शिजविण्यासाठी विस्तव हवा, रात्री उजेड हवा आणि ऊन-थंडीपासून देहाचे रक्षण हवे. या तिन्ही गरजा भागविण्यासाठी जी शक्ती खर्च होते, तिला शास्त्रज्ञ 'ऊर्जा' म्हणतात. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. ती सरपणात असते, वायूच्या टाकीत असते, विजेच्या तारेत असते आणि आकाशातील सूर्यात तर ती अमाप असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. लाकूड कोणी खात नाही आणि वीज कोणी अंगावर घेत नाही. माणसाला हवी असते ती भाजलेली भाकरी, वाचण्यापुरता उजेड आणि निजण्यापुरता गारवा. म्हणून ज्या घरात अधिक सरपण जळते ते घर अधिक जेवते, असे नाही. आणि ज्या घरात विजेचे बिल मोठे येते ते घर अधिक सुखी असते, असेही नाही. तीच भाकरी थोड्या सरपणात भाजणे आणि तोच उजेड थोड्या विजेत मिळविणे, यालाच ऊर्जेची काटकसर म्हणतात. दिवा विझवून अंधारात अभ्यास करणे हा कंजूषपणा झाला. कंजूषपणाने सुख कमी होते. काटकसरीने केवळ नासाडी कमी होते.

ही नासाडी घरात मुख्यतः तीन ठिकाणी होते. ती ठिकाणे म्हणजे चूल, दिवा आणि भिंत.

प्रथम चुलीकडे पाहू. बुलढाणा हा कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी यांचा जिल्हा. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात, तूर झोडून झाली की तुराट्या उरतात. त्यांचे भारे घरी येतात आणि वर्षभर चुलीत जळतात. त्यांच्या जोडीला शेणाच्या गोवऱ्या आणि रानातले जळण असते. तीन बाजूंनी बंद आणि पुढून उघडी अशी ही मातीची चूल पिढ्यान् पिढ्या घराचे पोट भरत आली आहे. तथापि तिच्यात एक मोठा दोष आहे. चुलीत शंभर भाग उष्णता निर्माण झाली, तर त्यांतील सुमारे दहा भागच भांड्याला मिळतात. उरलेले नव्वद भाग चुलीच्या तोंडातून, भांड्याच्या कडेने आणि धुरावाटे निघून जातात. दहा मोळ्या आणाव्या, त्यांतील एका मोळीवर स्वयंपाक व्हावा आणि नऊ मोळ्यांनी वारा तापावा, असा हा व्यवहार आहे.

जुन्या काळच्या सुगृहिणींना हे आकडे ठाऊक नव्हते, पण ही नासाडी ठाऊक होती. म्हणून चुलीला लागून एक वैल केलेला असे. मुख्य चुलीवर भाकरी चालू असताना बाजूला पळणाऱ्या उष्णतेवर वैलावर वरण शिजे. स्वयंपाक आटोपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांत वांगे भाजले जाई, दूध तापविले जाई. "सूनबाई, आधणावर झाकण ठेव," हे सासूचे वाक्य म्हणजे उष्णताशास्त्राचा एक धडाच होता. उघड्या भांड्यातून वाफ निघून जाते आणि ती आपल्याबरोबर पुष्कळ उष्णता घेऊन जाते. झाकण ठेवले की तीच उष्णता अन्नात राहते.

चुलीचा धूर हा उष्णतेच्या नासाडीहूनही मोठा शत्रू आहे. फुंकणीने चूल फुंकणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येते, हे सर्वांना दिसते; तिच्या छातीत काय होते, ते दिसत नाही. अर्धवट जळालेल्या लाकडाच्या धुरात अतिसूक्ष्म कण आणि विषारी वायू असतात. ते फुप्फुसांत खोलवर जातात. चुलीजवळ बसणारी माता आणि तिच्या मांडीवरचे मूल या दोघांनाही त्यांचा उपद्रव होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांतील पुष्कळशी माणसे कधी गावाबाहेर पडली नव्हती. ज्या विस्तवाने त्यांना पोसले, त्याच्याच धुराने त्यांचा घात केला.

चुलीचा तिसरा भार पडतो तो रानावर. बुलढाण्याहून खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट लागतो. त्या परिसरात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा होता, म्हणून त्याची वाट शास्त्रज्ञांना कळत गेली. ओढे, शेते, महामार्ग ओलांडीत सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो त्या वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेच्या रानात पोचला. भारतातील वाघाच्या प्रवासाची इतकी दीर्घ नोंद त्यापूर्वी झालेली नव्हती. एवढ्या दूरवरून आलेल्या वाघाला आसरा द्यायला तेथे रान शिल्लक होते, ही या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट आहे. सरपणासाठी रोज एक-एक फांदी तोडली गेली, तर रान एका दिवसात नाहीसे होत नाही. पण ते विरळ होत जाते आणि मग त्यात ना वाघाला आडोसा मिळतो, ना पावसाच्या पाण्याला. म्हणून गावातील चुलीचा आणि रानातील वाघाचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे.

या तिन्ही संकटांवर उपाय आहेत. पहिला उपाय वायूच्या शेगडीचा. भारत सरकारने १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू केली आणि गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे वायूच्या जोडण्या दिल्या. एक किलो वायूत एक किलो कोरड्या लाकडाच्या सुमारे तिप्पट उष्णता असते. शिवाय शेगडी ही उष्णता चुलीच्या सुमारे सहापट चांगल्या रीतीने भांड्याला देते. तीन गुणिले सहा म्हणजे अठरा. अर्थात एक किलो वायू सुमारे अठरा किलो लाकडाचे काम करतो. घरगुती टाकीत १४.२ किलो वायू असतो; म्हणजे एक टाकी अडीचशे किलो लाकूड वाचविते. पंचवीस किलोंची एक मोळी धरली, तर डोक्यावरच्या दहा मोळ्या एका टाकीने उतरल्या असे होते. मात्र टाकी विकत घ्यावी लागते आणि हातात पैसा नसला की ती कोपऱ्यात रिकामी उभी राहते व चूल पुन्हा पेटते. म्हणूनच शेगडीवरही काटकसर हवी. डाळ अगोदर भिजवून ठेवावी, साहित्य तयार झाल्यावरच शेगडी पेटवावी, उकळी फुटताच आच मंद करावी. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. दाबाच्या कुकरमध्ये ते सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापते, म्हणून तूरडाळ लवकर शिजते आणि इंधन पुष्कळ वाचते.

दुसरा उपाय गोबरवायूचा. गोवरी जाळली की शेणातील खत राख होऊन जाते. तेच शेण पाण्यात कालवून बंद खड्ड्यात सोडले, तर सूक्ष्म जीव त्यापासून जळणारा वायू निर्माण करतात आणि खाली उरलेला रबडा उत्तम खत म्हणून शेताला मिळतो. जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात तरंगत्या टाकीचा गोबरवायू संच तयार केला आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला. पंचवीस किलो ताज्या शेणापासून दिवसाला सुमारे एक घनमीटर वायू मिळतो आणि तो साडेतीन किलो लाकडाचे काम करतो. ज्या घरी चार-पाच जनावरे आहेत, त्या घरचा दोन वेळचा स्वयंपाक अशा संचावर होऊ शकतो.

शेतातील टाकाऊ पदार्थांचाही चांगला उपयोग करता येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा बनविण्याची रीत तयार केली. या कामाबद्दल संस्थेला २००२ साली इंग्लंडमधील ॲशडेन पारितोषिक मिळाले. जे पाचट शेतात नुसते पेटवून दिले जात असे, तेच धूर न करणारे इंधन झाले.

आता दिव्याकडे वळू. एके काळी या जिल्ह्यातील मुले रॉकेलच्या चिमणीपुढे बसून अभ्यास करीत. चिमणीच्या काजळीने भिंतीवरचा कोनाडा काळा होई. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळही स्थापन झाले. पुढील वर्षांत विजेचे खांब खेडोपाडी पोचले. २००५ साली या मंडळाचे विभाजन झाले आणि घरोघरी वीज पोचविण्याचे काम महावितरण कंपनीकडे आले.

विजेचे माप 'युनिट' हे आहे. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. एक युनिट ही केवढी शक्ती आहे, याची कल्पना सहसा येत नाही. ज्वारीचे एक क्विंटलचे पोते जमिनीवरून एक मीटर उंच उचलावयाचे आहे, असे समजा. हेच काम सुमारे ३,६७० वेळा केले, तर एका युनिटाइतकी ऊर्जा खर्ची पडेल. एवढे श्रम करावयाला हमालांची मोठी टोळी लागेल. तेच काम घरातील एक युनिट मुकाट्याने करते आणि त्याबद्दल केवळ काही रुपये घेते. काम मुकाट्याने होते, म्हणूनच त्याची किंमत कळत नाही.

ही वीज येते कोठून? बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी, अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच तेथे आहेत. मालगाडीच्या वाघिणी भरभरून तेथे दगडी कोळसा येतो. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चाक फिरते आणि चाकाबरोबर जनित्र फिरून वीज निर्माण होते. पारस, भुसावळ, कोराडी, चंद्रपूर अशा अनेक केंद्रांची वीज एकाच जाळ्यात सोडली जाते आणि तेथून ती घरोघर वाटली जाते. कोळशाच्या अशा केंद्रात एका युनिटासाठी सुमारे साडेसहाशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो आणि जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. या वायूमुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि पावसाचे वेळापत्रक बिघडत आहे. ज्या जिल्ह्याची बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे, त्याला ही गोष्ट परक्याची म्हणून सोडून देता येणार नाही.

कोळशातील ऊर्जेचे शंभर भाग धरले, तर त्यांतील सुमारे पस्तीस भागांचीच वीज होते. तारांतून येता येता त्यांतीलही चार-पाच भाग वाया जातात. तीस भाग घरी पोचले, असे समजू. घरात जुना पिवळा दिवा असेल, तर तो या तीस भागांपैकी वीसावा हिस्साच उजेडात बदलतो. बाकीची सर्व उष्णता होते. त्या दिव्याला हात लावला की चटका बसतो, तो याचमुळे. अर्थात शंभर भागांपैकी फक्त दीड भागाचा उजेड मिळाला! मळ्यातून शंभर पोती धान्य निघावे आणि घरी दीड पोते पोचावे, असाच हा प्रकार झाला.

हा उजेड स्वस्त करण्याचे श्रेय एका शोधाला आहे. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी निळा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. त्यामुळे पांढरा उजेड देणारे एलईडी दिवे बनविणे शक्य झाले आणि २०१४ साली या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. साठ वॉटचा पिवळा दिवा जेवढा उजेड देतो, जवळजवळ तेवढाच उजेड नऊ वॉटचा एलईडी दिवा देतो. एका युनिटात पिवळा दिवा सुमारे सतरा तास जळतो. एलईडी एकशेदहा तास जळतो. भारतात २०१५ साली 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे कमी किमतीत वाटले गेले.

यातून व्यवहाराचे एक सूत्र निघते. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची किंमत दोनदा द्यावी लागते. पहिली किंमत दुकानात एकदाच द्यावयाची असते. दुसरी मीटरवर दररोज. पुष्कळ लोक पहिली किंमत घासाघीस करून ठरवितात आणि दुसरीची चौकशीही करीत नाहीत. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे पंचाहत्तर वॉट वीज घेतो. नव्या पद्धतीचा, बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा सुमारे तीस वॉटमध्ये देतो. दिवसाचे सोळा तास पंखा चालला, तर पहिला रोज १.२ युनिटे खातो, दुसरा अर्ध्या युनिटाहूनही कमी. महिन्याला एका पंख्यामागे एकवीस युनिटांहून अधिक बचत होते. नवा पंखा महाग असतो हे खरे. पण वरचे पैसे तो विजेच्या बिलातून परत करतो आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे बचत देत राहतो.

ही दुसरी किंमत ग्राहकाला दुकानातच दिसावी, म्हणून सरकारने एक सोय केली आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर तारांकित पट्टी लावण्यास आरंभ झाला. एक तारा असलेले उपकरण अधिक वीज खाते, पाच तारे असलेले कमी खाते. फ्रीजच्या पट्टीवर तो वर्षाला किती युनिटे घेईल, हेही छापलेले असते. २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ही पट्टी सक्तीची झाली. ती वाचता येणे हेही आजच्या काळातील एक साक्षरतेचे लक्षण आहे.

तिसरे ठिकाण भिंतीचे. भिंत वीज खात नाही आणि सरपणही जाळत नाही. मग ती ऊर्जेची नासाडी कशी करते? याचे उत्तर वैशाखातील दुपारी मिळते. वऱ्हाडातील जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची आणि धाब्याची असत. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर, असे ते धाबे असे. जाड माती हळूहळू तापते. दुपारचे ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र पडे आणि तोवर दारे-खिडक्या उघडून गार वारा घेता येई. आज पत्र्याची आणि सिमेंटच्या स्लॅबची घरे झाली. ती टिकाऊ आणि पावसात सुरक्षित असतात. पण पत्रा तापायला क्षणभर पुरतो आणि पातळ स्लॅब दुपारी घेतलेली उष्णता संध्याकाळपासून घरात सोडू लागतो. मग पंखा तीच गरम हवा फिरवीत राहतो. घाटाखालच्या घरांत तर मार्च संपता संपता कूलर बाहेर निघतात. कूलरला वीज लागते आणि पाणीही लागते. ज्या गावी उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात, तेथे कूलरचे पाणी ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून शहाण्या घराने कूलर घेण्यापूर्वी छपराकडे पाहावे. स्लॅबवर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात दिला, तर ऊन बरेचसे परत फेकले जाते आणि आतील उष्णता काही अंशांनी उतरते. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचे तिरपे ऊन पडते, तेथे कडुनिंबाचे झाड लावावे किंवा वेल चढवावा. खिडकीला बाहेरून ताट्या किंवा वाळ्याचा पडदा बांधावा. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडाव्या आणि भर दुपारी मिटाव्या. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे, त्यांनी ते अठरा अंशांवर ठेवून गोधडी पांघरण्यापेक्षा चोवीस अंशांवर ठेवावे. २०२० पासून तारांकित यंत्रे मुळातच चोवीस अंशांवर बेतलेली असतात.

आणि ज्या सूर्यामुळे हे घर तापते, तोच त्याला वीजही देऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरांच्या छपरांवर सौर पट्ट बसविण्यासाठी 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. एक किलोवॉटचे पट्ट स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिटे वीज देतात. तथापि गळक्या रांजणात पाणी भरण्यात शहाणपण नाही. अगोदर दिवे आणि पंखे बदलावे, छपराला पांढरा हात द्यावा आणि मग पट्ट घ्यावे, म्हणजे थोडे पट्टही पुरतात.

शेवटी एक प्रश्न उरतो. काटकसर कोणी करावी? ज्या घरात एकच दिवा आणि एकच पंखा आहे, त्या घराला काटकसरीचा उपदेश करणे न्यायाचे होणार नाही. त्या घराला तर आणखी एक दिवा हवा, धूर नसलेला स्वयंपाक हवा. विलक्षण गोष्ट अशी, की सर्वांत कमी मिळकत असणाऱ्या घरालाच पुष्कळदा सर्वांत वाया जाणारी साधने वापरावी लागतात. त्याची चूल नव्वद भाग उष्णता उधळते, त्याचा स्वस्तात घेतलेला जुना पंखा अडीचपट वीज खातो आणि त्याचा पत्रा सर्वांआधी तापतो. चांगल्या साधनांची पहिली किंमत त्याला झेपत नाही, म्हणून दुसरी किंमत तो जन्मभर देत राहतो. ही साधने अशा घरांपर्यंत पोचविणे हे समाजाचे आणि सरकारचे कर्तव्य आहे. आणि ज्यांच्या घरी पुष्कळ दिवे आहेत, त्यांनी नासाडी टाळणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

एका घराच्या बचतीने काय होणार, असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. पाच माणसांचे एक घर धरले, तर पाच लाखांहून अधिक घरे होतात. त्यांतील पाच लाख घरांनी रोज अर्धे युनिट वाचविले, तर अडीच लाख युनिटे वाचतील. अर्धे युनिट म्हणजे एक पंखा बदलला तर जेवढे वाचते, त्याहूनही कमी. तेवढी वीज कोळशापासून करावयाची, तर तारांतील तूट धरून रोज मालगाडीच्या सुमारे तीन वाघिणी कोळसा लागेल. वर्षाच्या हजारावर वाघिणी झाल्या. तो कोळसा खाणीतच राहील, त्याचा धूर आकाशात जाणार नाही आणि त्याचे पैसे घराघरांत राहतील. कोणाच्या घरातील उजेड मात्र तसूभरही कमी होणार नाही.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कंजूषपणा आणि काटकसर यांत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे?
(आ) चुलीला वैल का केलेला असे?
(इ) गोवरी जाळण्यापेक्षा शेणापासून वायू करणे अधिक हिताचे का?
(ई) विजेवर चालणाऱ्या वस्तूची किंमत दोनदा द्यावी लागते, ती कशी?
(उ) मातीच्या जाड भिंतींचे घर दुपारी गार का राहते?

२. कारणे द्या.
(अ) जुन्या पिवळ्या दिव्याला हात लावला की चटका बसतो.
(आ) कुकरमध्ये तूरडाळ लवकर शिजते.
(इ) गावातील चुलीचा रानातील वाघाशी संबंध आहे.

३. गणित करा.
एका घरात साठ वॉटचे तीन पिवळे दिवे रोज पाच तास लागतात. त्यांच्याऐवजी नऊ वॉटचे तीन एलईडी दिवे लावले, तर तीस दिवसांत किती युनिटे वाचतील?

४. पुढील शब्दांचे व वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
चिटपाखरू न दिसणे, खर्ची पडणे, घासाघीस करणे, तसूभर, आधण, सुगृहिणी.

५. 'गळक्या रांजणात पाणी भरण्यात शहाणपण नाही,' या वाक्याचा पाठाच्या आधारे अर्थ स्पष्ट करा.

६. उपक्रम : एका रविवारी सकाळी घरच्या मीटरवरील आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या रविवारी त्याच वेळी पुन्हा आकडा लिहा. आठवड्यात किती युनिटे खर्च झाली आणि ती कोणकोणत्या उपकरणांनी घेतली असावीत, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी बोला व दहा ओळी लिहा.